लेकरू घेऊन लग्नाला



लग्नसराई संपली, पाऊस लागला, आणि मी आता लग्नाची गोष्ट काढतो आहे. तुम्ही म्हणाल, हा माणूस नेहमीप्रमाणे उशिरा पोहोचला. पण हिशेब हा वर्ष संपल्यावरच लिहायचा असतो, असे आम्ही बी.कॉम.ला शिकलो. तेव्हा आमच्या घरच्या एका लग्नप्रवासाचा जमाखर्च या वेळी तुमच्यापुढे ठेवतो. त्यात जमा आहे, खर्च आहे, आणि बारा वर्षांपासून थकलेली एक उधारीही आहे.

मार्च महिन्यात पत्रिका आली. माझ्या मोठ्या साळीच्या मुलीचा मंगल परिणय. स्थळ औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. दिवस मे महिन्यातला रविवार. आमच्या घरी आनंदीआनंद झाला. साळीची मुलगी आमच्या अंगाखांद्यावर खेळलेली. मुलगा दहावी संपवून मोकळा, धाकटी मुलगी चार वर्षांची. तिला आम्ही सगळे लहानी म्हणतो. मी लगेच ऑफिसातला कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि पाच दिवसांचा कार्यक्रम आखायला बसलो. शुक्रवारी निघायचे, शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, दौलताबाद, नागसेनवन, मकबरा, आणि रात्रीच्या गाडीने परतवाडा. कागद भरला. मी खूश होऊन तो सौभाग्यवतीपुढे धरला.

तिने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "फिरायचं मंग पाहू. आधी सांगा, लहानीले कोन पाह्यन?"

मी म्हणालो, "दोघंही पाहू."

"दोघं म्हंजे मीच," ती म्हणाली आणि कणिक मळू लागली.

बंधूंनो, घराघरांतल्या बायका हे वाक्य मनात म्हणत असतील. आमच्या घरी ते मोठ्याने म्हटले गेले, एवढेच. आणि ते म्हणण्याचा तिला अधिकार होता. त्यामागे बारा वर्षांपूर्वीचे एक लग्न होते.

तेव्हा आमचा मुलगा तीन वर्षांचा होता. जिल्ह्यातल्याच एका गावी सौभाग्यवतीच्या सख्ख्या लहान बहिणीचे लग्न होते. तेही मे महिन्यातच. आपल्या वऱ्हाडचा मे महिना मी तुम्हाला काय सांगावा! अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. पत्रिकेत वेळ होती दुपारी साडेबाराची. लग्न लागले सव्वातीनला. मधल्या पावणेतीन तासांत काय झाले? पाहुणे आले, त्यांचे स्वागत झाले. मग दुसरे पाहुणे आले, त्यांचेही स्वागत झाले. माईकवर नावे कोण पुकारत होता? तुमचा हा सेवक. समाजाचा कार्यकर्ता म्हणून तो मान माझ्याकडे होता. मी हौसेने एकेक नाव पुकारत होतो, पदासहित, गावासहित.

मंडपाच्या मागे पत्र्याच्या खोलीत सौभाग्यवती मुलाला पदराने वारा घालत बसली होती. त्याला सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. तिने दोनदा निरोप पाठवला. मी दोन्ही वेळा "आलोच" म्हणालो. शेवटी माझी मेहुणी नवरीच्या वेशात असतानाच मागे जाऊन पाहून आली आणि तिने माईकजवळ येऊन मला सांगितले. मी गेलो तेव्हा मुलाचे डोळे खोल गेले होते, ओठ वाळले होते, रडत होता पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते. जीपगाडी करून तालुक्याच्या गावी नेले. रात्रभर सलाईन. डॉक्टर एवढेच म्हणाले, "आणखी दोन तासांनी आणला असता तर सांगता आलं नसतं."

आहेराच्या पाकिटात मी पाचशे एक रुपये घातले होते. दवाखाना आणि गाडी मिळून साडेतीन हजार लागले. पण ही नोंद किरकोळ आहे. खरी उधारी वेगळीच. सौभाग्यवतीने आपल्या सख्ख्या बहिणीचे लग्न पाहिले नाही. ती त्या गावात हजर होती, मंडपापासून वीस पावलांवर होती, पण तिने ते लग्न पाहिले नाही. आजही अल्बम निघाला की ती उठून चहा टाकायला जाते.

म्हणून त्या संध्याकाळी मी माझा रेघांचा कागद फाडला आणि म्हणालो, "सांग, कसं करायचं?"

या ठिकाणी मला एक जुना प्रवास आठवतो. तुम्हालाही तो पाठ असेल. १९०१ साल. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील कोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. बाबासाहेब, त्यांचे मोठे भाऊ आणि बहिणीची मुले असे सारे साताऱ्याहून आगगाडीने निघाले. त्या प्रवासाची तयारी केवढ्या हौसेने झाली होती, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नवे अंगरखे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणीच नाही. पत्र पाठवले होते, पण ते वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे, या अटीवर तो तयार झाला. डब्यात जेवण होते, पण रात्रभर प्यायला स्वच्छ पाणी मिळाले नाही. म्हणून ते जेवणही घशाखाली उतरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, उपाशी-तहानलेली ती लेकरे वडिलांपर्यंत पोहोचली.

त्या मुलांचे काही चुकले नव्हते. चूक त्यांना पाणी नाकारणाऱ्या समाजाची होती. हा प्रसंग मी भाषणात कितीतरी वेळा सांगितला आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. पण सौभाग्यवतीपुढे बसलो असताना तो प्रथमच निराळ्या बाजूने माझ्या अंगावर आला. त्या लेकरांना जगाने पाणी दिले नाही. माझ्या लेकराला पाणी द्यायला कोणाचीच मनाई नव्हती. विहीर होती, रांजण होता, पाण्याचे कॅन होते. फक्त ते पाजायला बाप मोकळा नव्हता. तो माईकवर होता.

असो. आमचा नवा कार्यक्रम कसा ठरला, तो सांगतो. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, घड्याळ लहानीचे धरले. ती सकाळी सहाला उठते, अकराला तिला भूक लागते, एक ते तीन झोपते आणि रात्री नऊनंतर किरकिर करते. या चार वेळा कागदावर वरच्या ओळीत लिहिल्या. मग गाड्या, हळद, लग्न, फिरणे हे सारे त्यांच्या खाली बसवले. जे बसले नाही ते गाळले. पूर्वी आम्ही उलटे करत होतो. गाडी आधी, कार्य आधी, आणि लेकराला त्या सापटीत कोंबत होतो.

दुसरी गोष्ट, प्रवास तोडला. परतवाड्याहून औरंगाबाद एका दमात गाठायचे म्हणजे सारा दिवस गाडीत जातो. पूर्वीची माणसे अचलपूरहून शकुंतलेत बसून मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर जात. ती लहान गाडी सावकाश होती, पण लेकरांना खिडकीतून संत्र्याचे बगिचे दिसत. आता ती बंद पडली. आम्ही शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर उन्हे उतरली की अंजनगाव-अकोटवरून अकोल्याला जायचे, रात्री मामेभावाकडे मुक्काम करायचा, आणि शनिवारी पहाटेची गाडी धरून खामगाव, चिखली, देऊळगावराजा, जालना करत दुपारच्या जेवणापर्यंत औरंगाबादला पोहोचायचे असे ठरवले. एक रात्र जास्त गेली, पण भर दुपारचे ऊन वाचले.

भाड्याचे गणित सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे. बायांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे भाडे आहे. रेल्वेतही पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, मात्र मग वेगळी जागाही मिळत नाही. जागा हवी असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. येथे मी कारकून असूनही एक सल्ला देतो. पहाटेच्या सहा-सात तासांच्या प्रवासात चार वर्षांचे मूल फुकट आहे म्हणून मांडीवर घेऊन बसू नका. आम्ही तिघांच्या बाकाची तिन्ही तिकिटे काढली आणि मुलाला पलीकडे बसवले. सौभाग्यवतीच्या अर्ध्या तिकिटात वाचलेला पैसा लहानीच्या जागेत गेला. जमा आणि खर्च बरोबर.

तिसरी गोष्ट म्हणजे फिरणे. यावर घरात खरी चर्चा झाली. सौभाग्यवतीला अजिंठा पाहायचा होता. सातवीच्या पुस्तकात तिने पद्मपाणीचे चित्र पाहिले होते, तेव्हापासूनची ती इच्छा. मीही तिचाच बाजूचा. पण मुलाने सांगितले, "आई, अजिंठा सोमवारी बंद असते." आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. आमची सुट्टी मंगळवारपर्यंतच. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा करता आले असते. पण अजिंठा औरंगाबादहून शंभरेक किलोमीटर. पायथ्याशी गाडी बदलायची, मग चढण, मग घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून एका लेण्यातून दुसऱ्यात जायचे. मे महिन्यात चार वर्षांच्या पोरीला खांद्यावर घेऊन ते पाहायचे, आणि त्याच रात्री परत निघायचे. वेरूळ त्या मानाने तीस किलोमीटर. लेणी एका ओळीत, पहिली बारा बौद्ध, आणि बहुतेकांच्या दारापर्यंत सपाट वाट.

मी गप्प राहिलो. या वेळी ठरवणे माझ्याकडे नव्हते. सौभाग्यवतीने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "अजिंठा दीड-दोन हजार वर्सं थांबला, अजून चार वर्सं थांबन. लहानी आठ वर्साची झाली का जाऊ. पन लेहून ठेवा." मी लिहून ठेवले. हे येणे बाकी आहे आणि ते मी फेडणार आहे, याला तुम्ही सर्व वाचक साक्षी.

चौथी गोष्ट पिशवीची. लहानीची पिशवी वेगळी केली आणि ती माझ्या खांद्यावर राहील असे ठरले. तिच्यात काय होते? उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे माप भिंतीवर लिहून ठेवा, मीठ जास्त पडू देऊ नका. सातूचे पीठ आणि गूळ. दशम्या, कारण त्या दोन दिवस टिकतात. फुटाणे-मुरमुरे मोठ्यांसाठी. सुती कपड्यांचे तीन जोड, एक जुना पंचा, तिची नेहमीची गोधडी. गोधडी सर्वांत महत्त्वाची, परक्या घरी लेकरू आपल्या वासावर झोपते. तिच्या खिशात एक कागद, त्यावर माझे नाव आणि फोन नंबर. मंडपात हरवलेली मुले माईकवर पुकारण्याचे काम मी पुष्कळ केले आहे, म्हणून हे सुचले.

एक खूणही सांगून ठेवतो. मूल सहा तासांत लघवीला गेले नाही, तोंड कोरडे पडले, रडताना आसू आले नाहीत किंवा सुस्त पडले, तर कार्य सोडा आणि दवाखाना गाठा. मुहूर्त टळत नाही, कारण आपल्यात मुहूर्तच नाही.

पाचवी आणि शेवटची गोष्ट पाळीची. लग्नाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा लहानी आईकडे. अकरा ते तीन माझ्याकडे. त्यानंतर मुलाकडे एक तास, मग पुन्हा आईकडे. अकरा ते तीन माझ्याकडे का, हे सौभाग्यवतीनेच ठरवले. लग्न साडेअकराला होते.

आता काय झाले ते सांगतो. प्रवासात सगळे कागदाप्रमाणे होत नाही. अकोटच्या अलीकडेच लहानीने उलटी केली, कारण निघताना शेजारच्या आजीने प्रेमाने तिला आमरस पाजला होता. पंचा कामी आला. पुढच्या वेळी गाडीत बसण्याआधी दोन तास जड खाणे नाही, ही नोंद केली. अकोल्याला रात्र नीट गेली. जालन्यानंतर ती "आलं का, आलं का" म्हणून विचारत राहिली, आणि तिच्या दादाने तिला पुढच्या काचेतून येणाऱ्या गाड्या मोजायला लावल्या. औरंगाबादला पोहोचलो तेव्हा ती खेळायला तयार होती आणि आम्ही दोघेच थकलो होतो. असेच असायला हवे.

मी साडूला महिनाभर आधी फोन केला होता. म्हणालो, "दादा, एक विनंती आहे. लेकरांसाठी एक थंड खोली ठेवा. पाण्याचा ड्रम मंडपात बुटक्या टेबलावर ठेवा, लेकरांचा हात पुरला पाहिजे. आन् लेकरांची पंगत आधी बसवा." साडू हसले. म्हणाले, "तुमी कवापासून लेकराइचे कार्यकर्ते झाले?" पण त्यांनी ते केले. सभागृहाच्या बाजूला एक खोली, दोन कूलर, सतरंजी. साडेअकरापर्यंत तेथे पंधरा-वीस मुले जमली आणि त्यांच्या आया बाहेर पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. मी आत होतो. माझ्याबरोबर एक आजोबा आणि नवरदेवाकडचा एक तरुण मामा होता. आम्ही तिघे पुरुष आणि पंधरा-वीस पोरे.

लग्न पावणेबाराला सुरू झाले. त्रिसरण, पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, फुले. विधी अर्ध्या तासात आटोपला. आपला विधी एवढाच आहे, साधा आणि सुटसुटीत. लांबवतो ते आपण. विधीनंतर माईकवरून माझे नाव पुकारले गेले. आमच्या परतवाड्याचे कार्यकर्ते, त्यांनी वधू-वरांना दोन शब्द आशीर्वाद द्यावेत, असे काहीसे. त्या वेळी लहानी माझ्या खांद्यावर झोपली होती. नुकताच तिचा डोळा लागला होता. खोलीच्या दारातून मला मंच दिसत होता.

खोटे कशाला सांगू, पाय उचलला गेला होता. पंचवीस वर्षांची सवय. आजोबांनी हातही पुढे केले, "द्या इकडे, मी धरतो." तेवढ्यात माझी नजर पुढच्या रांगेकडे गेली. सौभाग्यवती अगदी समोर बसली होती. पदर नीट, हातात फुलांची ओंजळ, नवरीकडे टक लावून. तिने मागे वळून पाहिले नाही. नाव पुकारल्यावरही नाही. ती वाट पाहत होती की काय होते. मी निरोप पाठवला, "आशीर्वाद आहेतच, लेकरू झोपलं आहे." माईकवाल्याने तेच वाक्य जसेच्या तसे पुकारले. लोक हसले. पुरुष जास्त हसले. पण बायांच्या बाजूने टाळी वाजली, आणि ती मला माझ्या कोणत्याही भाषणाला मिळाली नव्हती.

सोमवारी सकाळी सातच्या आत आम्ही निघालो. वाटेत दौलताबादला किल्ल्याच्या दाराशी थांबलो. किल्ला चढायचा नाही हे आधीच ठरले होते. पण तेथे थांबायचेच होते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला आले होते. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून मोठा गिल्ला झाला. किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर शिपाई दिला. एवढा विद्वान मनुष्य, विलायतेत शिकून आलेला. पाण्यापुढे त्याची विद्वत्ता कोणी विचारली नाही.

हे मी मुलाला सांगत होतो. लहानी माझे बोट धरून उभी होती. तिला काय कळले कोण जाणे. तिने गळ्यातली बाटली काढली आणि म्हणाली, "बाबा, त्याइले म्हना, माह्याजवळचं घ्या."

बंधू-भगिनींनो, मला यापुढे काही बोलता आले नाही. सौभाग्यवतीने तिला कडेवर घेतले आणि आम्ही वेरूळला गेलो.

वेरूळला आम्ही दोनच लेणी नीट पाहिली. दहावे चैत्यगृह, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत आणि समोर स्तूपाला टेकून बसलेले तथागत आहेत. लहानीने आत शिरताच हळूच हाक मारली आणि आवाज घुमला. तिने पुन्हा मारली. मग आम्ही सर्वांनी मिळून त्रिसरण म्हटले, तर त्या दगडाने ते आमच्याबरोबर म्हटले. बारावे तीन मजली लेणे खालच्या मजल्यापुरते पाहिले, कारण वरचे जिने उंच. साडेदहाला ऊन चढले, आम्ही परत फिरलो. कैलास लेणे बाहेरूनच पाहिले. मुलगा थोडा हिरमुसला. त्याला सांगितले, तू आता मोठा झालास, मित्रांबरोबर ये. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नसते, तुला आता पडेल, एवढाच फरक.

मंगळवारी पहाटे परत निघण्याआधी विद्यापीठाच्या गेटसमोर दहा मिनिटे उभे राहिलो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो आणि परतवाड्याच्या आमच्या वस्तीत रात्रभर ढोल वाजले होते. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाकडे जाणारा रस्ता मुलाला दाखवला. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते सुरू केले. त्याने विचारले, "मले इथं ॲडमिशन भेटन का?" मी म्हणालो, "निकाल लागू दे." प्रवासाच्या जमेत ही नोंद मी सर्वांत मोठ्या अक्षरात केली आहे.

आता शेवटी मुद्द्याचे. हा जमाखर्च फक्त आमच्या घरचा नाही. आपण १९५६ साली मुहूर्त सोडला, कुंडली सोडली, हळदीचे कर्मकांड सोडायचे ठरवले. मग आपली लग्ने मे महिन्याच्या भर दुपारी का? शाळेला सुट्टी असते, हे कबूल. पण मुहूर्त नाही तर सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सहाला लग्न लावायला कोण अडवतो? विधी अर्ध्या तासाचा आहे तर पाहुण्यांच्या स्वागताला दोन तास कशाला? वेळ ही मुहूर्ताहूनही मोठी गोष्ट आहे. मुहूर्त कोणा भटजीने सांगितलेला असतो, वेळ आपण स्वतः छापलेली असते. आपणच छापलेला शब्द आपण पाळला नाही, तर त्याची किंमत मागच्या पत्र्याच्या खोलीत बसलेली बाई आणि तिचे लेकरू मोजतात.

म्हणून यजमानांना विनंती. लेकरांची खोली, हाताला पुरेल असे पाणी, आणि लेकरांची पंगत आधी. याला मंडपाच्या झालरीपेक्षा कमी खर्च येतो. आणि माझ्यासारख्या माईकवाल्या बापांना विनंती. पत्रिका आली की कागद घ्या, वरच्या ओळीत लेकराच्या वेळा लिहा, आणि लग्न लागतानाची पाळी स्वतःकडे ठेवा. दुसरी कोणतीही वेळ घेऊन चालणार नाही.

परतल्यावर चार दिवसांनी फोनवर लग्नाचे फोटो आले. सौभाग्यवती मुलासोबत पाहत बसली. मी चहा टाकला. बारा वर्षांची उधारी एका कपाने फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हप्ता सुरू झाला.

जयभीम.